मुलाणी टाइम

शेळगावच्या अल्ताफ मुलाणीला एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. धंदा फोटोग्राफीचा, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांना "हलू नका" म्हणून सांगायचं, आणि सांगणारा हा गडी स्वतः घटकाभर थांबेल तर शपथ. उभा असला की डावा पाय नाचतो, बसला की गुडघा हलतो, जेवताना एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे. त्याची बायको बानू म्हणते, "पायाला भिंगरी असलेली माणसं मी लई बघितली. ह्यांच्या डोस्क्यालाच भिंगरी हाय."

आता अशा माणसाच्या नशिबी काय यावं, तर लग्नाचे फोटो. लग्नात फोटोवाल्याला काम थोडं आणि वाट बघणं फार. पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो बारा वाजून चोवीस मिनिटांचा. पंचवीस नाही, चोवीस! आणि अक्षता पडतात दीड-दोनला. तोवर अल्ताफ कॅमेरा गळ्यात अडकवून मांडवात येरझारा घालत असतो. पाहुण्यांची तोंडं चालूच असतात. कुणी नवरीच्या मेकअपला नावं ठेवतं, कुणी नवरदेवाच्या नाचणाऱ्या दोस्तांना, कुणी माइकवर सत्काराची यादी वाचणाऱ्याला. प्रत्येक लग्नात हाच वाद, आणि उशीर नक्की कशानं होतो ते कुणालाच ठाऊक नाही. ह्या गोष्टीनं अल्ताफचं डोकं उठायचं.

मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की खरं उत्तर आपल्याच गळ्यात लटकतंय. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक फोटोवर वेळेची नोंद असते, सेकंदापर्यंत. अक्षतांचा पहिला फोटो काढायचा, त्याची वेळ बघायची, त्यातून पत्रिकेवरचा मुहूर्त वजा करायचा. झाला उशीर हातात! पत्रिका तर त्याच्याकडे खोकं भरून होत्या. आधी त्यानं शाळेच्या वहीत रकाने आखले. वही पुरेना, तेव्हा चाळिशीला टेकलेला हा बाबा इंदापूरला संगणकाच्या क्लासला जाऊन बसला, कॉलेजच्या पोरींच्या रांगेत. क्लासच्या मॅडमनी विचारलं, "काका, नोकरीसाठी शिकताय का?" तर म्हणाला, "न्हाय, लग्नांसाठी." पुढचा आठवडाभर क्लासमध्ये हसू आवरत नव्हतं.

पण तक्ता झाला. आणि एकदा तक्ता झाला म्हटल्यावर अल्ताफ काय एका रकान्यावर थांबणार होता? नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नाचवत आणतात त्या परण्यात किती गाणी वाजली, "हे शेवटचं" असं म्हटल्यानंतर आणखी किती वाजली (सरासरी तीन), माइकवर किती नावं पुकारली, वऱ्हाडाला उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता ओलांडावा लागला का, सगळं तो मोजू लागला. फेट्यांचे रंग मोजले. टीव्हीवरच्या मालिकेत एका नायिकेचं लग्न लागलं, तर पुढच्या चार महिन्यांत शंभरातल्या एकसष्ट नवऱ्या तसलाच शेला पांघरून उभ्या राहिल्या, हे त्यानं आकड्यांनी दाखवून दिलं. आणि त्याला सगळ्यात जास्त छळणारी मोजणी होती ती अक्षतांच्या फोटोतल्या चेहऱ्यांची. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप, त्या क्षणी लोक बघतात कुठं? फोटो मोठा करून तो एकेक चेहरा मोजायचा. चारात एक जण नवरा-नवरीकडे बघत असायचा. बाकीचे मोबाइलमध्ये, नाहीतर जेवणाच्या मांडवाकडे, पंगत धरायच्या तयारीत. तक्त्यात त्यानं दोन रकाने केले होते, 'बघतोय' आणि 'बघत नाही', आणि दुसरा रकाना भरताना त्याला दर वेळी राग यायचा.

मेकअपचा दोष निघाला जेमतेम सहा मिनिटांचा. अल्ताफनं ही बातमी मांडवामांडवांतून इतक्या उत्साहानं सांगितली, की चार नवऱ्यांच्या मावशा त्याला दुवा देऊन गेल्या.

ह्या तक्त्याचा पहिला उपयोग केला तो सर्जेराव आचाऱ्यानं. सर्जेरावाची अडचण साधी होती: पुऱ्या कधी तळायच्या? लवकर तळल्या तर वातड होतात, उशिरा तळल्या तर पंगत ओरडते. एकदा त्यानं सहज विचारलं, "अल्ताफभाई, तुमी एवढं मोजता, तर उद्याच्या अक्षता किती वाजता पडत्याल, सांगा बरं." अल्ताफनं गाव, रस्ता, पाहुण्यांतले पुढारी, परण्याचा डीजे असं सगळं विचारून घेतलं, तक्ता चाळला आणि सांगितलं, "एक सत्तेचाळीस." अक्षता पडल्या एक पन्नासला. सर्जेरावानं कढईपाशी उभं राहून कपाळाला हात लावला.

तिथून हा आकडा सुटला. सर्जेराव तो आचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू लागला. तिथून तो मंडपवाल्यांकडे, बँडवाल्यांकडे, तिथून पाहुण्यांकडे गेला. दोन वर्षांत अशी गत झाली, की लग्नाच्या आदल्या दिवशी इंदापूर तालुक्यात आणि बारामतीच्या निम्म्या भागात लोक एकमेकांना विचारायचे, "उद्याचा मुलाणी टाइम काय हाय?" पत्रिकेवरचा मुहूर्त कुणी वाचेनासं झालं. आणि आकडा चुकायचा नाही. फार तर पाच-सात मिनिटं इकडंतिकडं. अल्ताफची मान ताठ झाली. शेळगावच्या चौकात लोक त्याला बसायला खुर्ची देऊ लागले, आणि तो बसत नव्हता ही गोष्ट वेगळी.

ह्या फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत, कळसची माधवी त्याच्या स्टुडिओत आली. मानसिंगरावांची थोरली लेक. चौथीच्या वर्गाच्या फोटोत तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं तेव्हापासून अल्ताफ तिला ओळखत होता. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, पणदऱ्याच्या रणजितशी, आणि त्याचे फोटोही अल्ताफच काढणार होता.

"ये, ये. नवरीबाई घराबाहेर कशी काय?"

"पासपोर्ट फोटो पायजे, भाई. दोन."

"कशाला गं?"

"परीक्षेला. हॉल तिकिटावर चिकटवायचाय." तिनं पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवला. "तारीख बघा."

अल्ताफनं तारीख बघितली आणि त्याचा पाय हलायचा थांबला. लग्नाचीच तारीख होती.

माधवी चार वर्षं बारामतीच्या अभ्यासिकेत बसून भरतीची तयारी करत होती. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळच्या एसटीनं यायची. मागच्या खेपेला दीड मार्कानं यादीतून राहिली होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. आणि परीक्षेची तारीख कळली ती पत्रिका वाटून झाल्यावर. केंद्र बारामतीचं, सव्वादोनला गेट बंद. कळसहून उसाच्या ट्रॉल्या चुकवत जायला तास धरावा लागतो.

"मुहूर्त बारा एकतीसचा हाय," माधवी म्हणाली. "अक्षता वेळेवर पडल्या तर मी एकला निघते, दोनला गेटात. रणजितनं आणि त्याच्या घरच्यांनी व्हय म्हटलंय. आता तुमी सांगा, किती वाजता पडत्याल?"

ती काय मागत होती ते अल्ताफला कळलं. ती धीर मागत होती. पण त्याला आकडा सोडून दुसरं काही देता येत नव्हतं. त्यानं तक्ता उघडला. पाहुणे सातशे, पणदऱ्याचं वऱ्हाड, डीजे, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आप्पा येणार होते. पंचायत समितीत दोनदा निवडून आलेले आप्पा ज्या लग्नाला येतात तिथं आप्पा आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत.

"एक अठ्ठावन्न," तो म्हणाला.

माधवीनं मनातल्या मनात वजाबाकी केली. ती रडली बिडली नाही. "मंग तो आकडा कमी करा," म्हणाली.

"आकडा कमी करायचा नसतो, पोरी. तो येतो तसा सांगायचा असतो."

"तुझ्या वडलांना सांगून बघितलंस का?" हे बानूनं आतल्या दारातून विचारलं.

"सांगितलं. तात्या म्हणत्यात, आप्पा यायच्या आत अक्षता टाकल्या तर मला गावात तोंड दाखवाय जागा राहणार न्हाय. परीक्षा काय, परत येईल." माधवीनं फोटोचं पाकीट पिशवीत टाकलं. "परत येणार न्हाय, काकू. हे त्यांना कळत न्हाय."

ती गेली आणि अल्ताफचं जे बिनसलं ते बिनसलं. त्याला चीड आली, आणि कुणावर आली हे त्याला कळेना. रात्रीचं जेवण त्यानं उभ्यानं केलं. दुसऱ्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकांचे डोळे मिटलेले फोटो छापून दिले. तक्ता उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. कुठंतरी काहीतरी सापडेल, एखादं कारण, जे काढून टाकलं की तासभर वाचेल.

त्यानं वर्षावार सरासरी लावली. अकरा वर्षांमागं उशीर होता एक्केचाळीस मिनिटं. करोनाच्या आधी झाला त्रेसष्ट. करोनाच्या दोन वर्षांत, पन्नासच माणसांना परवानगी होती तेव्हा, चार मिनिटं. चार! अल्ताफ त्या आकड्यावर बोट ठेवून बसला. तेच भटजी, त्याच नवऱ्या, तेच मेकअप, तेच मामा. फक्त वाट बघायला कुणी नव्हतं. पुढं गेल्या वर्षी तोच उशीर ब्याण्णव मिनिटांवर गेला होता. करोनाआधीच्या त्रेसष्टावरून ब्याण्णवावर? लोक एकदम एवढे आळशी कसे झाले?

मग त्यानं गेल्या वर्षीच्या लग्नांचे दोन भाग केले. ज्या लग्नांचा मुलाणी टाइम आधी सांगितला होता ती एकीकडे. ज्यांचा काही कारणानं सांगितला नव्हता ती दुसरीकडे. न सांगितलेल्यांचा उशीर सहासष्ट मिनिटं. सांगितलेल्यांचा सत्याण्णव.

त्यानं तीन वेळा आकडेमोड करून पाहिली. मग "बानू!" अशी हाक मारली, की ती हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

"काय झालं?"

"माझा आकडा चुकत का न्हाय, ते कळलं. मी दीड सांगितलं की लोक दीडला यायचं ठरवत्यात. आप्पांचा माणूस मलाच फोन करून टाइम विचारतो आणि त्यावर गाडी काढतो. परण्याचा डीजे त्यावर चालतो. मी अंदाज सांगत नव्हतो गं. मीच वेळ ठरवत होतो. आणि पुढच्या खेपेला त्याच उशिराची बेरीज करून आणखी पुढचा आकडा सांगत होतो."

बानूला हिशेब अर्धा कळला, पण नवऱ्याचा चेहरा पुरा कळला. इतकी वर्षं हा माणूस उशिरावर चिडत आला, आणि त्या उशिरात अर्ध्या तासाची भर यानंच घातली होती.

"मंग आता?" ती म्हणाली.

"आता माधवीच्या लग्नाला मी खोटा आकडा सांगणार. दोन दहा."

"पुढचा? अवो, पोरीला लवकर पायजे ना?"

"लोकांना पुढचा सांगितला की ते येणार न्हाईत. आप्पा न्हाईत, सत्कार न्हाईत, नाचणारे न्हाईत. साडेबाराला मांडवात घरची पन्नास माणसं राहतील. पन्नास माणसांत अक्षता चार मिनिटांत पडत्यात, तक्ता सांगतोय."

बानूनं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "लोकांनी तुमच्या शब्दावर भरवसा ठेवलाय. एकदा खोटं सांगितलं की ते गेलं."

"व्हय."

"आणि मानसिंगतात्या तरीबी आप्पांसाठी अडून बसले तर?"

बापाच्या हट्टाचा रकाना तक्त्यात नव्हता. पोरीची परीक्षाही जाईल आणि आपलं नावही जाईल, असंही होऊ शकत होतं. दोन दिवस त्यानं दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशी सर्जेरावाचा फोन आला, "भाई, कळसच्या लग्नाचा टाइम?" आणि अल्ताफनं घसा खाकरून सांगितलं, "दोन दहा." अकरा वर्षांतला पहिला खोटा आकडा. मग त्यानं रणजितला फोन लावून एवढंच सांगितलं, "तुमी मातुर अकरालाच मारुतीपाशी या."

लग्नाच्या दिवशी सगळं तक्त्याबरहुकूम झालं. परण्यात नाचायला रणजितचे दोस्तच नव्हते, ते दीडला येणार होते. डीजेवाला वायरी जोडत होता. हलगीवाल्यांनी दोन फेर वाजवले आणि नवरदेव नऊ मिनिटांत मांडवात. बारा वीसला माइकवरचा निवेदक सहाशे रिकाम्या खुर्च्यांचं हार्दिक स्वागत करत होता. माधवी पिवळ्या साडीत तयार होऊन बसली होती आणि हॉल तिकीट मामाच्या जीपमध्ये होतं. अल्ताफ मांडवभर फिरत होता, एकदा ह्या खांबापाशी, एकदा त्या.

मानसिंगराव फेटा बांधून दारात उभे होते. त्यांना काही उमजेना. "माणसं कुठं गेली? पत्रिका घरोघरी दिल्यात मी!" त्यांनी आप्पांना फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे आसपासच्या सगळ्यांना ऐकू आलं.

"आप्पा, निघालाव न्हवं?"

"आरं, आत्ता? मुलाणी टाइम दोन दहाचा हाय की! मी दुसऱ्या लग्नात बसलोय. येतो दोनला, काळजी करू नगंस."

मानसिंगरावांनी फोन खाली घेतला. सावकाश वळले. "अल्ताफ, तू दोन दहा सांगितलंस?"

"व्हय, तात्या."

"पोरीला तर एक अठ्ठावन्न सांगितलं होतंस."

"ते खरं होतं. दोन दहा मी मुद्दाम खोटं सांगितलं." अल्ताफनं गळ्यातला कॅमेरा नीट केला. "लोकांनी यावं न्हाय म्हणून."

मानसिंगरावांचा चेहरा लाल झाला. "माझ्या लेकीचं लग्न तू ओस पाडलंस! सातशे माणसांचा सैपाक हाय माझा! आप्पांना काय तोंड दाखवू? दोनपतूर अक्षता पडणार न्हाईत, सांगून ठेवतो. भटजी, बसा खाली!"

"मला पुढं दोन लग्नं आहेत, तात्या. मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"टळू द्या!"

बारा एकतीस झाले. माधवी दारापाशी येऊन उभी राहिली होती. बापाकडे बघत होती. अल्ताफला वाटलं, संपलं. आकडा गेला आणि पोरीची वाटही गेली. अशा वेळी काय करायचं हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

तेव्हा माधवीची आई पुढं आली. म्हाळसाबाई. चार माणसांत कधी मोठ्यानं न बोललेली बाई. तिनं अक्षतांचं ताट उचललं आणि सरळ स्वयंपाकाच्या मांडवात गेली. सर्जेराव कणीक मळणाऱ्या बायकांवर खेकसत होता. दोन दहाच्या हिशेबानं त्याच्या कढयाही तापल्या नव्हत्या. म्हाळसाबाईनं त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या. मग त्या बायकांच्या पिठाच्या हातांवर. मग वाढप्यांच्या, हलगीवाल्यांच्या, डीजेवाल्याच्या, खुर्च्या लावणाऱ्यांच्या, जीपच्या ड्रायव्हरच्या. "चला, आत चला सगळी," म्हणत ती त्यांना घेऊन मांडवात आली, आणि शेवटचा घास उरावा तशा ताटात उरलेल्या अक्षता तिनं नवऱ्याच्या मुठीत दिल्या.

"माणसं न्हाईत म्हणत होता ना? ही काय हायत मग? लेक चार वर्षं येष्टीनं गेली-आली, तवा तुमचे आप्पा आलेवते व्हय सोबतीला?"

मानसिंगरावांनी मूठ मिटली. उघडली नाही, पण अक्षता खालीही टाकल्या नाहीत. भटजींनी एवढ्यावरच होकार धरला आणि अंतरपाट धरायला लावला. देशावरची किती मंगलाष्टकं अल्ताफनं ऐकली असतील. पण ही पहिलीच, ज्यांच्या मधे माइकवरून कुणाच्या आगमनाची घोषणा झाली नाही. अक्षता पडल्या, आणि त्यानं बटण दाबलं. बारा छत्तीस.

मंगळसूत्र, सप्तपदी भटजींनी झपाट्यानं उरकली. एकच्या आत मामाची जीप बारामतीच्या रस्त्याला लागली, पिवळी साडी आणि केसांत तांदळाचे दाणे घेऊन. एक चोपन्नला फोन आला: पोरगी गेटाच्या आत. तो ऐकून अल्ताफ मांडवातल्या एका खुर्चीवर मटकन बसला. सर्जेरावानं ते पाहिलं आणि तेव्हापासून तो सांगत सुटलाय, की मुलाणीला बसलेला मी स्वतः पाहिलाय.

दोनच्या सुमाराला गाड्यांची रांग लागली. फेटे, अत्तरं, सातशे माणसं. व्यासपीठावर नवरदेव एकटाच हार घालून बसलेला, शेजारची खुर्ची मोकळी. आप्पा आले, थबकले, सगळा प्रकार ऐकून घेतला. मानसिंगराव हात जोडून उभे. आप्पांनी अल्ताफला जवळ बोलावलं. "मुलाणी, मी दोन दुपारींत पाच लग्नं उरकतो. तुझ्या टाइमावर माझी घडी बसलेली होती. आता मी कुणाला विचारायचं?" ते हसले नाहीत. रणजितला आशीर्वाद देऊन न जेवता निघून गेले. मानसिंगराव त्यानंतर अल्ताफशी एक शब्दही बोलले नाहीत, त्याचं मानधनही भाच्याच्या हाती दिलं.

मुलाणी टाइम त्याच दिवशी संपला. ग्रुपवर लोकांनी अल्ताफची यथेच्छ चेष्टा केली. सर्जेराव आठवडाभर पुऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होता. आता कुणी विचारलंच तर अल्ताफ म्हणतो, "पत्रिकेवर छापलाय की." चौकातली खुर्ची बंद झाली. बानू म्हणाली, "ती एक ओळ पुसून टाका तक्त्यातनं. बाकीच्या सगळ्या बरोबर हायत." अल्ताफनं पुसली नाही. चूक: चौऱ्याण्णव मिनिटं, असं लिहून ठेवलं. खाऊन उठलं तरी भूक राहावी तसं त्याला ते बोचत राहिलं, आणि स्टुडिओत त्याच्या येरझारा वाढल्या.

श्रावणाच्या आधी माधवी परत आली. पुन्हा पासपोर्ट फोटो, ह्या वेळी चार.

"आता कशाला?"

"हजर व्हायच्या कागदांना." तिनं एवढंच सांगितलं आणि स्टुलावर ताठ बसली. अल्ताफनं फोटो काढला. तिला "हलू नकोस" म्हणायचं तो विसरला, पण ती हललीच नाही.

"तात्या कसे हायत?" त्यानं न राहवून विचारलं.

"हायत. अजून तुमचं नाव काढलं की उठून बाहेर जात्यात."

ती गेल्यावर त्यानं इतके महिने टाळलेलं काम हातात घेतलं. कळसच्या लग्नाच्या ओळीतले शेवटचे दोन रकाने अजून कोरेच होते. त्यानं बारा छत्तीसचा फोटो उघडला, मोठा केला आणि चेहरे मोजायला लागला. पिठाचे हात वर झालेल्या बायका, हलगी काखेत धरलेला माणूस, कपाळावर घाम आलेला सर्जेराव. एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. एकही जेवणाकडे बघत नव्हता, कारण जेवण तयारच नव्हतं. चव्वेचाळीस चेहरे, आणि त्रेचाळीस नवरा-नवरीकडे बघणारे. असा फोटो अकरा वर्षांत त्यानं काढला नव्हता.

चव्वेचाळिसावा चेहरा कोपऱ्यात होता. फेटा थोडा तिरका, उजव्या मुठीत अक्षता अजून तशाच, आणि डोळे खाली. मोबाइलमध्ये असेल म्हणून अल्ताफनं फोटो आणखी मोठा केला. मोबाइल नव्हता. डावा हात छातीजवळ घेऊन मानसिंगराव मनगटावरचं घड्याळ बघत होते.

अक्षता पडल्यावर आप्पांसाठी घड्याळ बघायचं कारण उरलं नव्हतं, उरलं होतं ते सव्वादोनचं गेट. मग त्यानं मानसिंगरावांना 'बघतोय'च्या रकान्यात मोजलं आणि तिथं चव्वेचाळीस लिहिलं.